ओढून बांधलेले केस

मी घर सोडलं ते २०१४ सालच्या दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर. तलासरी नाक्यावर बा माझ्यासोबत डहाणूच्या एसटीची वाट बघत उभा होता. हायवेवरून गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज एवढा, की बोलणं होतच नव्हतं. बा माझी पिशवी हातात घ्यायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाला, "नाही जमलं तर निघून ये. कोणी हसणार नाही." आई नाक्यापर्यंत आली नाही. पाड्याच्या वळणावरूनच मागे फिरली. खळ्यावर काम पडलंय म्हणाली. बा आणि मी दोघंही तिच्याकडे वळून न बघता चालत राहिलो.

पाड्यावर राहिलेल्या मुलींनो, आणि माझ्यासारख्या वापीला, बोईसरला, डहाणूला कामाला गेलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. विषय केसांचा आहे म्हटलं तर हसाल. पण याच केसांपायी माझं ठरत आलेलं लग्न फिसकटलं आणि आई माझ्याशी बोलेनाशी झाली. म्हणून नीट सांगते.

डहाणूला मला फुग्यांच्या कंपनीत काम मिळालं. साच्यावरून फुगे उतरवायचे, त्यांना पावडर लावायची, पाकिटात भरायचे. पावडर अशी उडायची की संध्याकाळी डोकं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसायचं. म्हणून सगळ्या मुलींना कापडी टोपी सक्तीची. टोपीबाहेर एक बट दिसली तरी सुपरवायझर बाई ओरडायच्या.

स्टेशनच्या पूर्वेला चाळीत एक रूम होती, त्यात मी आणि भारती राहायचो. भारती चिंचणीची. तिची आई सुकी मासळी विकायची. ती माझ्याआधीपासून त्याच कंपनीत होती, त्यामुळे शहरातलं सगळं तिला कळतं असं मी धरूनच चालले होते.

आमची सकाळ कशी असायची ते सांगते, कारण सगळं त्या सकाळीतच होतं. पावडरमुळे रोज डोक्यावरून आंघोळ. पाणी बोअरचं, खारट, फेस होत नाही म्हणून शाम्पूच्या पुडीवर पुडी फोडायची. मग टॉवेलने खसाखसा पुसायचं. ओल्या केसांतूनच मुळापासून फणी ओढायची, गुंता लागला की हिसका द्यायचा. पाणी निथळत असतानाच आवळून अंबाडा, त्याला रबर, सुटू नये म्हणून वर आणखी एक रबर, आणि टोपी. संध्याकाळी टोपी काढली तरी केस आतून ओलसरच असायचे, कुबट वास यायचा. डोकं ठणकायचं. मला वाटायचं, रबराच्या उग्र वासाने ठणकतं. खाण्याचं म्हणाल तर सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव. घरी नागलीची भाकरी आणि भाजी खाऊन शेतावर जाणारी मी, इथे उभ्या उभ्या चहा पिऊन पळत होते आणि त्यालाच शहरातलं जगणं समजत होते.

रविवारी भारतीचं मशीन निघायचं, केस सरळ करायचं. आमच्या घरात सगळ्यांचे केस कुरळे आणि दाट. बाजारातल्या मुलींचे केस पाण्याच्या धारेसारखे पाठीवर पडलेले दिसायचे, मला माझ्या कुरळ्यांची लाज वाटायची. भारती माझी बट मशीनमध्ये धरायची, चर्र आवाज यायचा, करपल्याचा वास सुटायचा.

"भारती, जळतायत गं!"

"घाबरू नको गो. धूर नाय, वाफ आहे ती. केस ओले आहेत ना, म्हणून."

ओल्या केसांवर तापलेलं लोखंड फिरवतोय, हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलंच नाही. आरशात केस सरळ दिसायचे आणि आम्ही समुद्रावर फिरायला जायचो. त्या संध्याकाळी मी खरंच खूश असायचे, तेही लिहायला हवं.

केस गळायला लागले ते हळूहळू. पाड्यावर कोणी केस उघड्यावर टाकत नाही, कोणी त्यांवर करणी करेल म्हणून भितात. मीही फणीतले केस कागदात गुंडाळून ठेवायचे. पुड्या वाढत गेल्या. भांग रुंद झाला. कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकल्या, कानांच्या वरची जागा विरळ झाली आणि मग चकचकायला लागली. विरळ दिसू नये म्हणून मी केस आणखी ओढून बांधायचे. घरी जाताना स्कार्फ घालायचे आणि ऊन लागतं म्हणायचे. पुढे पुढे घरी जाणंच टाळायला लागले.

२०१६च्या उन्हाळ्यात उधव्याकडचं स्थळ आलं. मुलगा मला पसंत होता. तलासरीच्या बाजारात आम्ही भेटून बोललोही होतो, आणि तो फार बोलत नाही पण बोललेलं विसरत नाही, असं मला वाटलं होतं. बघायला तो, त्याचे आईवडील आणि मावशी आली. चहा देताना माझा पदर सरकला. मावशीने सरळ माझी हनुवटी धरून डोकं उजेडाकडे वळवलं.

"काय झालंय हिच्या डोक्याला? अंगात काही आजार आहे का?"

बा म्हणाला, "नाही हो, कामाचा ताण." मुलगा चहाच्या कपात बघत राहिला. पुढच्या आठवड्यात निरोप आला, आमचा विचार नाही म्हणून.

मग पाड्यावर जो तो बोलू लागला. डहाणूचं पाणी बाधलं. कुणाची नजर लागली. कुणी कुणी तर भलतंसलतंही बोलले. बा म्हणाला, "आता डहाणू पुरे." आईने मात्र चारचौघींना विचारून उपाय काढला. एकदा सगळे केस उतरवले की नवे दाट येतात, लहान पोरांचे येतात तसे. एका सकाळी मी उठून बाहेर आले तर अंगणात नाक्यावरचा न्हावी पेटी उघडून बसलेला. आईने पाट मांडला होता.

"बस, बाय. केसच आहेत. परत येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर घरात राहशील. आम्ही काय टाकून देणार आहोत का तुला?"

ती माझी समजूत काढत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की आता मी कायमची या अंगणात बसणार, बोडक्या डोक्याने, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत. मी आत गेले, पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीने डहाणूला आले. त्यानंतर मी फोन केला की बा बोलायचा. आई कामात असायची.

दवाखान्यात मला भारती घेऊन गेली. तिने ओढतच नेलं म्हणा. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आधी डोक्याकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "रोज केस कसे बांधतेस ते करून दाखव." मी अंबाडा आवळून दाखवला. त्यांनी रबराखाली बोट घालून बघितलं, बोट शिरेना.

"इतकं ओढून? किती वर्षांपासून?"

"कंपनीत लागले तेव्हापासून."

"त्याआधी?"

"त्याआधी आई वेणी घालायची. घट्ट."

त्यांनी रक्त तपासलं, ते कमी निघालं. मग सावकाश समजावलं. केस ओले असताना नाजूक असतात, ओढले की ताणून तुटतात. गरम मशीन त्यांना आतून पोकळ करतं. पोटात नीट अन्न नसेल तर शरीर केसांना काही देत नाही. पण कडेचे केस गेले ते रोजच्या ओढण्याने. मुळांवर वर्षानुवर्षं ताण पडला की ती दमतात, मग मरतात. "मुंडण करून मुळं जिवंत होत नाहीत," त्या म्हणाल्या. "जिथे बारीक लव आहे तिथे येतील. जिथे कातडी गुळगुळीत झालीय, तिथलं मी तुला खोटं सांगणार नाही."

मी बाहेर बाकावर बसून रडले. भारती शेजारी बसली. मग म्हणाली, "मशीन माझंच होतं गो." त्या दिवशी ते मशीन पलंगाखाली गेलं.

बदल सोपे होते, ते पाळणं कठीण होतं. टोपीच्या आत सुती कापड सैल गुंडाळायला लागले, म्हणजे पावडर मुळाशी जाईना आणि रोज डोकं धुवावं लागेना. धुतले की टॉवेलने दाबून पाणी टिपायचं, केस वाळल्याशिवाय बांधायचे नाहीत. मोठ्या दातांचा कंगवा, आणि गुंता टोकाकडून सोडवत वर जायचं. रबराऐवजी कापडी बंद, सैल वेणी. सैल वेणी टोपीत मावेना. सुपरवायझर बाई चिडल्या, पण मी स्कार्फ सोडून डोकं दाखवलं तेव्हा त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मोठी टोपी शिवून घे, मी बघते." रक्ताच्या गोळ्या घेतल्या, सकाळी भाकरी करायला लागले. कानांवरचे केस थोडे आले. कपाळाच्या कडा तशाच राहिल्या.

२०१७च्या दिवाळीत घरी गेले. धाकटी बहीण मंजू आश्रमशाळेतून सुट्टीला आली होती. आई तिला ओट्यावर बसवून वेणी घालत होती. केस मुठीत आवळून असं ओढत होती, की मंजूच्या भुवया वर चढल्या होत्या. आमच्याकडे घट्ट वेणी म्हणजे नीट वाढवलेली पोर. सैल केसांची मुलगी दिसली की बाया म्हणतात, हिला आई नाही का? मंजूच्या कानाजवळची जागा मी बघितली. विरळ. चकचकीत व्हायला लागलेली.

"आई, सैल घाल. माझं असंच झालंय. लहानपणापासून ओढून ओढून."

आईचा हात थांबला. "म्हणजे मी केलं का हे?"

नाही म्हणायला हवं होतं, पण मंजू समोर होती. "थोडं तू," मी म्हटलं, "थोडं मी."

तिने फणी मंजूच्या मांडीवर ठेवली आणि आत निघून गेली. मंजू अर्ध्या वेणीने बसून राहिली. त्यानंतर आईने मंजूच्या केसांना हात लावला नाही. मंजू फोनवर रडायची. आमची आई दिवसभर पायावर उभी असायची, फक्त वेणी घालताना आमच्यामागे निवांत बसायची. तेवढंही गेलं होतं. मंजूचे केस मात्र भरत होते. यात मी काय समाधान मानायचं ते मला कळत नव्हतं.

२०१९ साली मंजू दहावी झाली आणि अकरावीसाठी माझ्याकडे डहाणूला आली. तिला पोचवायला आई आली, पहिल्यांदाच. रूम बघितली, पाण्याचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं. मंजू भारतीबरोबर बाजारात गेली तेव्हा आम्ही दोघीच उरलो. आईने उठून माझ्या कपाळाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"दुखतं का?"

"नाही."

मग तिने स्वतःचा पदर मागे घेतला. आई कायम डोक्यावरून पदर घेते. तिचे केस असे नीट मी कधी बघितलेच नव्हते. दोन्ही बाजूंना, थेट कानांमागपर्यंत, काही नव्हतं.

"माझी आईपण अशीच ओढायची," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, बाईमाणसाचे वयाने असेच होतात. कोणी सांगितलंच नाही."

"मलाही नव्हतं सांगितलं कुणी."

तिने पदर पुन्हा घेतला आणि चहा टाकायला उठली.

माझं लग्न अजून झालेलं नाही. पाड्यावर गेले की अजूनही कुणीतरी कपाळाकडे बघून नजर वळवतं आणि तेवढ्यापुरती मी परकी होते. डहाणूत कुणी बघत नाही, पण इथे माझं काही दुखलं तर ते कुणाला जाणवतही नाही. घर म्हणजे काय, असं मंजूने परवा कॉलेजच्या निबंधासाठी विचारलं. जिथलं दुखणं माझ्यात आलं तेच घर, असं मनात आलं. पण हे तिला लिहायला कसं सांगू?

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. आता तीच करते. शेजारची बाई पोरीची वेणी आवळत होती, म्हणून आई तिला सांगायला गेली होती. ती बाई म्हणाली, तुझ्या पोरीचं काय झालं ते बघ आधी, मला शिकवू नको.

मी विचारलं, "मग काय केलंस?"

"काय करणार? आले परत," आई म्हणाली. "उद्या पुन्हा जाते."