उघडं राहिलेलं समुद्रफूल

औरंगाबादच्या माणसाला समुद्राचं वेड लागावं, हेच मला मुळात पटत नव्हतं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. ते आलं की पिंपं, बादल्या, पातेली भरून घ्यायची, एवढाच आमचा पाण्याशी संबंध. पण ह्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. एका जोडप्याचे फोटो काढायला मालवणला गेले, तिथं एका बोटवाल्यानं पाठीवर सिलिंडर बांधून ह्यांना पाण्याखाली नेलं, आणि माणूस हातचा गेला. पुढं दर दिवाळीनंतर मालवण ठरलेलं.

बरं, तिथं जाऊन रंगीत मासे टिपावेत की नाही? तर तेही नाही. ह्यांना हवं नखाएवढं काहीतरी, दगडाला चिकटून बसलेलं, जागचं न हलणारं. त्यातही समुद्रफूल सगळ्यात लाडकं. नाव फुलाचं, पण आहे तो प्राणी. मऊ पाकळ्या पसरून बसतो आणि जरा पाणी हललं की मिटतो. तो पुन्हा उघडेपर्यंत हे त्याच्यापुढं कॅमेरा धरून पडून राहायचे, श्वास अगदी हळू सोडत, कारण बुडबुड्यांनीही तो मिटतो. मी चिडवायचे, नवरीनं डोळे मिटले तर खेकसता आणि ह्या किड्यापुढं मुकाट पडून राहता. त्यावर हे फक्त हसायचे.

मग ह्यांना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, नंतर आंघोळ करतानासुद्धा. फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की पावसाळा निघणं अवघड आहे. बाहेर बाकड्यावर हे नाकात नळी घालून बसले होते. काय म्हणाले, असं विचारलं तर मी म्हणाले, औषध बदललंय, हळूहळू फरक पडेल. घरी जाताना रिक्षात हे दिवाळीनंतरच्या मालवणचं बोलत होते. मी व्हय व्हय म्हणत रस्त्याकडं बघत राहिले.

एकदा तरी उघडलेलं समुद्रफूल ह्यांच्या कॅमेऱ्यापुढं आणायचं, असं मी ठरवलं. माझ्या भावाला गाडी घेऊन मालवणला पाठवलं. तिथल्या बोटवाल्यानं ओहोटीला मुठीएवढा एक दगड काढून दिला, वर तीन समुद्रफुलं. ती समुद्राच्या पाण्यासकट कॅनमधून आमच्या घरी आली. मी काचेची पेटी आणून ठेवली होती. हे कॉटवरून उतरून तिच्यासमोर खुर्चीत बसले, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, पुढं स्टँडवर कॅमेरा. इतकं खुशीत मी ह्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दोन फुलं वाटेतच गेली होती. तिसरं गच्च मिटलेलं. घाबरलंय, लई लांबून आलंय, असं हे सांगायचे आणि तासन् तास बसून राहायचे. एप्रिलचं ऊन, खोलीत कूलर चालू. पेटीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. पाणी समुद्राचं, तेव्हा भरही खाऱ्या पाण्याची घालायची, यात आम्हाला कुणालाच शंका आली नाही. पिंपातल्या पाण्यात मी मीठ विरघळवायचे आणि हे बोट बुडवून चाखायचे, आणखी चिमूटभर टाक म्हणायचे. समुद्राची चव ह्यांच्या जिभेवर होती. पाणी उडून जातं आणि मीठ मागंच राहतं, हे मिठागरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्ही सगळे विहिरी-बोअरची माणसं. आम्ही रोज त्या जिवाचं लोणचं घालत होतो.

एका सकाळी ह्यांनी मला हाक मारली. फूल उघडलं होतं. पाकळ्या चारी बाजूंनी सैल पसरलेल्या. हे एकामागून एक फोटो काढत होते, मध्येच दम घ्यायला थांबत होते आणि हसत होते.

"बघ, आता भीत नाय ते. रुळलं."

ते बरोबर दिसावं म्हणून मी पेटीत हात घालून काचेवरचा डाग पुसला. पाणी चांगलंच हललं. फूल मिटलं नाही. पाकळ्या नुसत्या पाण्याबरोबर इकडंतिकडं झाल्या. हाताला कुजका वास लागला. मी तो पदराला पुसला आणि म्हणाले, लई छान आलंय, अजून काढा.

ह्यांनी काढले. मग कॅमेरा मांडीवर घेऊन फोटो मोठे करून बघायला लागले. बघता बघता हसू गेलं. मशीन तेवढं घरघरत होतं.

"तुला कधी कळलं?"

"हात घातला तेव्हा."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही हसत होता."

ह्यांनी कॅमेरा बंद केला. माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणले, ते बी असंच का?"

मला खोटं सुचलं नाही. मी होकाराची मान डोलावली. कधीपर्यंत, असं ह्यांनी विचारलं, आणि मी पेटीकडं बघत तेही सांगून टाकलं. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही, आणि त्यानंतर हे मालवणचं नाव काढेनासे झाले.