वालीवची अडीच गिरक्यांची उडी

नाशिकहून आम्ही उजाडायच्या आत निघालो. मी, तुमची विजूआत्याआजी आणि भाड्याच्या गाडीचा चालक. ईरा, निषाद, तुम्हाला प्राची आठवत असेल. मागे सुट्टीला आला होतात तेव्हा इथल्या क्रीडागृहात आपण तिला पाहिलं होतं. तुमच्याकडे जे बर्फावर चालतं ते ती गुळगुळीत फरशीवर, चार चाकांच्या बुटांवर करत होती, आणि ईरा, तू खुर्चीवर उभी राहिली होतीस. तेव्हापासून तिची एकही स्पर्धा मी चुकवली नाही, सगळ्या संगणकावर पाहिल्या. आधी ती जिंकायची. मग एका उडीवर पडू लागली, आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच उडीवर. ईरा, हल्ली तू तिच्या स्पर्धा बघणं सोडल्याचं कळवलंस. मलाही बघवत नव्हतं. ती उडी जवळ आली की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. समोर जाऊन बसलं म्हणजे उठता येणार नाही, एवढ्याच विचाराने निघाले.

वसईजवळ वालीवला राज्याच्या संघाची निवड होती. पहिल्या दोघी संघात, बाकीच्या घरी. वन्संना, म्हणजे तुमच्या विजूआत्याआजीला, या खेळाचं काही सोयरसुतक नाही. त्या सुकेळ्यांसाठी (उन्हात वाळवलेली वसईची केळी) आल्या होत्या आणि तसं त्यांनी वाटेत स्पष्टच सांगितलं.

भिवंडी ओलांडली आणि रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं, मध्येच भाताचं कापलेलं शेत, त्यापलीकडे तुंगारेश्वरचे निळसर डोंगर. कामणला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे एक लांबलचक कंटेनर गोदामाच्या फाटकात वळताना आडवा अडकला होता. टपरीवाल्याला विचारलं, किती वेळ लागेल? तो चहा गाळत म्हणाला की काल असाच एक अडकला होता, तेव्हा त्याचं दूध संपलं होतं. चहा मात्र चांगला होता.

"वहिनी, आपण पोचेपर्यंत तुमच्या पोरीला नातवंडं होतील," वन्सं म्हणाल्या.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माझं लक्ष त्या कंटेनरच्या मागच्या चाकांकडे होतं. शेवटी तो एकदाचा आत गेला.

वालीवला कारखान्यांच्या गल्लीत पत्ता सापडेना. एका शेडमधून यंत्राचा खडखडाट, दुसऱ्यातून रंगाचा वास. क्रीडागृह म्हणजे तसलीच एक उंच शेड, आत मात्र आरशासारखी फरशी. स्पर्धा सुरू झाली होती, पण प्राचीची पाळी यायची होती. पायऱ्यांवर आठ-दहा बायका दाटीने बसल्या होत्या. केसांत चाफा, आणि मधोमध पापडीने (वालाच्या कोवळ्या शेंगा) भरलेली टोपली. त्यातल्या एकीने आम्हाला लग्नघरात विचारतात तसं विचारलं, "कोनाकडून आलात?"

"प्राचीकडून," मी म्हणाले.

"मग इकडंच बसा. समोर बसलेत ते डोंबिवलीच्या पोरीचे."

ती प्राचीची आई, शालनताई. यांची गावाकडे वाडी आहे, म्हणजे केळी, फुलं आणि भाजीची बाग. नाशिकहून आलो म्हटल्यावर तिने आधी पाणी विचारलं, मग आमच्या मांडीवर मूठ मूठ शेंगा टाकल्या. शिरा काढा म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरी उकडहंडी (पाल्यात झाकून मडक्यात वाफवलेल्या शेंगा आणि कंद) करायची होती. पण इथे बसून शेंगा निवडण्याचं कारण वेगळं होतं, ते तिने हळू आवाजात सांगितलं.

प्राची गोखिवऱ्याला एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात आहे. राज्याच्या संघात आहे तोवर मालक तिला सकाळच्या सरावाला सोडतो. संघ गेला की सवलत गेली, आणि सराव गेला की खेळ गेला. गेल्या स्पर्धेनंतर प्राची घरी येऊन या सगळ्या काक्या-मावश्यांवर भडकली होती. तिचं म्हणणं असं की, त्या उडीच्या आधी तुम्ही सगळ्या श्वास धरता. सगळं गप्प होतं, मला माझ्याच चाकांचा आवाज ऐकू येतो, आणि कळतं की तुम्हाला मी पडणार असं वाटतंय. त्यापेक्षा येऊ नका, नाही तर काहीतरी करत बसा. न येणं कुणाला जमणार नव्हतं. म्हणून टोपली आली.

मी शेंग हातात घेतली, पण शीर काही निघेना. संगणकासमोरून उठताना मीही ती पडणार हेच धरून चालायचे, आणि बरं की तिथे तिला ते कळत नव्हतं.

तिचं नाव पुकारलं. निळा पोशाख, चेहरा तुम्ही पाहिला होता त्यापेक्षा बारीक. संगीत सुरू झालं आणि बायका एकदम मोठ्याने बोलू लागल्या, कुणाच्या म्हशीबद्दल, कुणाच्या जावयाबद्दल. शेंगांचे शेंडे मोडल्याचा कटकट आवाज. पहिली उडी झाली, गिरकी झाली. मग ती लांब वळण घेऊन आमच्या समोरच्या कोपऱ्याकडे निघाली, आणि मला कळलं, आता ती उडी. सगळ्यांनाच कळलं. म्हशीचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. हात थांबले. चाकांची घरघर तेवढी ऐकू येत होती. शालनताईने डोळे मिटून घेतले होते.

"अहो, या हंडीत ओवा किती घालता?" वन्संनी खणखणीत आवाजात विचारलं.

मग एक मावशी म्हणाली मूठभर, दुसरी म्हणाली हिच्या मुठीने नको, कडू करते, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या, खाली टोपलीत बघून. मी मात्र वर पाहिलं. खाली बघायचा नियम मोडला.

ती पडली नाही.

शेवटपर्यंत एकही चूक नाही. गुण लागले तेव्हा ती तिसरी होती. डोंबिवलीची मुलगी पहिली. दुसरी आली ती ईराच्या वयाची, तिने तीन गिरक्यांची उडी सहज मारली होती. बायकांनी मांडीवरच्या शेंगा पुन्हा टोपलीत भरल्या. आजवर सगळ्या म्हणत होत्या, पोर घाबरते म्हणून पडते, नाही तर तिच्यासारखी कोणी नाही. आज ती घाबरली नव्हती.

प्राची बूट हातात घेऊन पायऱ्या चढून आली. डोळे लाल होते, पण रडत नव्हती. "आज नीट झाली ना?" तिने आईला विचारलं.

"मी पाहिली नाय गं. शेंगा निवडत होते."

प्राचीला हसू आलं आणि मग ते आवरेना, हसता हसता ती आईच्या खांद्यावर टेकली. सोमवारपासून सकाळीच ऑफिसला जाणार, असं ती तिथूनच म्हणाली. पुढे खेळणार का, ते मी विचारलं नाही.

शालनताई आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आली. वन्संच्या हातात तिने सुकेळ्यांचं पुडकं ठेवलं, निवडलेली पापडीही दिली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही वर बघत होता, मला दिसलं. कशी मारली, सांगा."

मी सांगितलं. उजवा खांदा आधी मागे गेला, डाव्या पायावर गुडघा खोल वाकला, मग ती पुढे तोंड करूनच वर गेली. हात छातीशी. हवेत अडीच गिरक्या. उतरली ती उजव्या पायावर, पाठमोरी, आणि दुसरा पाय लांब मागे सोडून तशीच घसरत गेली, फरशीवर हात न टेकता. शालनताईने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचा उजवा पाय चपलेतून थोडा उचलला गेला होता.

परतताना कामणचा रस्ता मोकळा होता. वन्सं सुकेळं खात म्हणाल्या, झालं मग आता, पुढच्या वेळी त्या दुसऱ्या आलेल्या मुलीला बघायला यायचं का? मुलगी गुणी आहे, मी म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण मला ती कोण, तिची आई कशी, काही माहीत नाही. प्राची जिंकत होती तेव्हा मला तिचंही माहीत नव्हतं. तेव्हा मी तिची उडी आवडीने पाहायचे आणि संगणक बंद करून जेवायला बसायचे. आता शालनताईला फोन करायचा आहे, आम्ही सुखरूप पोचलो म्हणून, आणि प्राची जेवली का ते विचारायला.