बटणांची कळी

माझं नाव कोंडाजी. तीस वर्षं दिंडोरीच्या शिवारात गुलाब पिकवला आणि आता साठी उलटल्यावर बटणांची फुलं करतो. हे पाहुण्यांना सांगितलं की ते आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे. ती म्हणते, "तब्येत बरी हाय त्यांची."

गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा मुलाने गुलाब काढून द्राक्षं लावली. द्राक्षातलं मला काही कळत नाही, तरी मी सल्ले देत होतो. शेवटी सून स्नेहल हिने मला ओट्यावर बसवलं आणि पुढ्यात बटणांचा डबा, तारेचं भेंडोळं नि पक्कड ठेवली. तिच्या बचत गटाच्या बायका ही फुलं करून दर रविवारी पंचवटीत विकायच्या. "नाना, तुम्हाला फुलांतलं कळतं," ती म्हणाली. मला गप्प बसवायची ही युक्ती आहे, हे चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. पण तोवर गोडी लागली होती.

बटणाच्या भोकांतून तार ओवायची, खाली पीळ द्यायचा, अशी पाच-सहा बटणं मधल्या एका बटणाभोवती पसरायची, देठाला हिरवी टेप गुंडाळायची. शाळकरी पोरींना जमतं. माझ्या बोटांना मात्र काट्यांची सवय. बारीक तार हातात आहे की पडली, हेच समजेना. पहिलं फूल पाहून स्नेहल म्हणाली, "छान झालाय भोवरा." डब्यातली बटणं संपली तसा मी स्वतःच्या शर्टांकडे वळलो. सिन्नरला एका लग्नात जेवायला बसलो आणि पोटावरची सेफ्टी पिन सुटली. त्या पंगतीत जिलेबीपेक्षा माझीच चर्चा जास्त झाली.

महिन्याभरात पन्नासेक फुलं झाली, पण सगळी मिटलेली. "नाना, ही उमलत का नाहीत?" स्नेहलने विचारलं. मलाही तेव्हाच दिसलं. बाजाराचा गुलाब कळीतच तोडायचा. उमलला की भाव गेला. हाताला तेच वळण. बटणं पसरायला घेतली की बोटं आपोआप आवळायची. "उद्यापर्यंत उमलतील," मी म्हणालो.

आणि उमललेली फुलं? ती माझ्या बायकोची, कुसाबाईची. रात्रीत उमलून बसलेलं, बाजारात न चालणारं फूल तिने केसांत माळायचं, आणि मी समजायचं की आपण बायकोला रोज गुलाब देतो. तिच्यासाठी म्हणून एकही कळी मी कधी तोडली नव्हती. तार ओवता ओवता हे ध्यानात आलं आणि फार लाज वाटली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मग आठ दिवस खपून एक कळी केली. मुद्दाम लाल बटणं आणली, पीळ तीनदा सोडून पुन्हा दिला. हातात द्यायचा धीर होईना, म्हणून रविवारी सकाळी तिच्या आरशापाशी ठेवली आणि अंगणात उगाच कोंबड्या मोजत बसलो. ती नेहमीप्रमाणे सुनेबरोबर फुलं विकायला पंचवटीला गेली.

दुपारी परतली, तर केसांत काही नव्हतं.

"आरशापाशी कळी होती," मी म्हणालो.

"व्हती ना! तुम्ही तिथंच विसरले व्हते. मी नेली. गेली लगेच. समद्यांत ती लय चांगली व्हती."

तिचं काय चुकलं? आमच्या घरातली चांगली कळी बाजाराला जाते, हे तिला मीच शिकवलं होतं. तरी मी चिडलो; चिडायला मला कारण लागत नाही. "अगं, ती तुझ्यासाठी केली होती!"

ती ओट्यावर बसली. मला वाटलं, आता रडते. पण डोळे माझेच भरून आले. मी धुळीला शिव्या दिल्या.

"दुसरी करतो," मी म्हणालो. "हुबेहूब तशीच."

"कळी नका करू," ती म्हणाली. "घरात कळी राह्यली म्हंजे माझा जीव थाऱ्यावर राहत नाय. वाटतं, आज बाजाराची गाडी चुकली. उमललेलं करा."

मी तार घेतली, बटणं ओवली, पसरायला लागलो. बोटं पुन्हा आवळली. ती जवळ सरकली आणि एकेक बटण स्वतःच्या बोटाने बाहेर लोटू लागली. मी नुसता पीळ धरून बसलो.