दर महिन्याची फ्लॉपी

नंदनवन वस्तीतल्या कुष्ठरोगाच्या त्या दवाखान्याला पाटी नव्हती. अकरा वर्षं कारकून असलेल्या पुष्पलता परातेचेच ते नियम: पेशंटला नंबरानं हाक मारायची, घरी पत्र पाठवायचं नाही, नावांची वही कपाटात कुलूपबंद. किल्ली तिच्या कमरेला असे.

१९८८ साली ट्रस्टनं कॉम्प्युटर आणला. वहीतली चारशे नावं पत्त्यांसकट तिनंच त्यात भरली. प्रोग्रॅम बाहेरगावच्या कंपनीचा. दर महिन्याला मोहोरबंद पाकिटातून नवी फ्लॉपी यायची, सोबत छापील सूचना: फ्लॉपी घाला, मशीनचा दिवा विझेपर्यंत थांबा, तीच परत पाठवा. नाही घातली तर एक तारखेला प्रोग्रॅम आपोआप बंद. आत काय बदललं ते कंपनी सांगत नसे, आणि पुष्पलतानंही कधी विचारलं नाही.

उमरेडच्या वच्छलाबाई, नंबर एकशे सत्तेचाळीस, महिन्याला एसटीनं यायच्या. गल्लीत सांगायच्या, डोळे दाखवायला जाते. डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती, पण हातमाग सुटला नव्हता. ऑगस्टात आल्या तेव्हा दोन वर्षांच्या औषधाचे चारच डोस उरले होते.

“काहून वं, या टीव्हीत पिक्चर कधी लागते?”

“तुमचं नाव आहे त्यात, मावशी.”

“माह्यं? पुसून टाक वं. हीरॉइन व्हायचं वय नाही माह्यं.”

पुष्पलता हसली. “काळजी नका करू. त्याले पण कुलूप आहे.”

सप्टेंबरात वच्छलाबाई आल्या नाहीत. ऑक्टोबरातही नाहीत. आणखी अकरा जण गळले. मग कुहीच्या ईश्वरदास या पेशंटनं तिच्या टेबलावर एक पोस्टकार्ड टाकलं. उघडं, छापील: ‘आपल्या कुष्ठरोगाच्या औषधाची तारीख चुकवू नका.’ पत्त्यात ‘हापशीजवळ’ ही खूण तिनंच भरलेली होती.

“पोस्टमननं पारावर मोठ्यानं वाचलं,” तो म्हणाला. “आता त्याच हापशीले हात लावू देऊन नाही राहिले.”

दवाखान्याच्या डॉक्टर कृष्णकांतांनी कंपनीला ट्रंक कॉल लावला. उत्तर मिळालं, ऑगस्टच्या फ्लॉपीपासून नवी सोय आहे. यादी फ्लॉपीवर आपोआप उतरते, स्मरणपत्रं आम्हीच पाठवतो. सूचनेच्या पाठीमागं लिहिलंय. पुष्पलतानं कागद उलटला. बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं.

ती औषध घेऊन उमरेडला गेली. दार जेमतेम उघडलं. पोस्टकार्ड इथंही येऊन गेलं होतं. आत माग बंद होता. वच्छलाबाईंचं लुगडं आता कुणी व्यापारी घेत नव्हता. सून मुलांना घेऊन माहेरी गेली होती.

“मावशी, चारच डोस राहिले.”

“परत ने. तुले इथं पाहून आणखी बोलतीन लोक.”

“मी कोणाले नाव नाही सांगितलं.”

“मंग कोणं सांगितलं वं? ठाऊक तं तुलेच होतं.”

दार लागलं.

नोव्हेंबरची फ्लॉपी आली. “यादी द्यायची नाही असं लिहिलंय मी त्यांना,” डॉक्टर म्हणाले, “पण सगळ्यांचे डोस त्या मशीनवर आहेत. बंद पडून कसं चालेल?” कंपनीचं उत्तर आलं नव्हतं. पुष्पलतानं आधी एकशे सत्तेचाळीस नंबरचं नाव पुसलं, मग फ्लॉपी घातली आणि दिवा विझेपर्यंत थांबली.

डिसेंबरात, कंपनीकडच्या जुन्याच यादीवरून निघालेलं, वच्छलाबाईंच्या नावाचं आणखी एक पोस्टकार्ड उमरेडहून दवाखान्यात परत आलं. वर पोस्टमनचा शेरा होता: ‘घर सोडले. पत्ता माहीत नाही.’