धुण्याआधीचा फोटो

“धुण्याआधीचा फोटो हवा आहे,” काका म्हणाले.

मला कळलं नाही. आता फोटो कोणी धुत नाही. नई सडकवरच्या आमच्या स्टुडिओत सगळं काम डिजिटल होतं, आणि जुन्या डार्करूममध्ये आम्ही अल्बमचे खोके ठेवायचो. काउंटरच्या पलीकडे साठीचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको उभी होती. काकांनी लिफाफ्यातून एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. फोटो मीच काढलेला होता. हिरवी साडी, मोत्यांचे कानातले, मागे राखाडी पडदा.

“हा नको. हा तुम्ही साफ केलेला आहे. याच्या आधीचा द्या.”

“का, काय झालं काका? अश्विनीला आता आवडत नाही का?”

“अश्विनी गेली,” काकू म्हणाल्या. “डेंगू झाला होता. पाच दिवसांत गेली. तेरवीला फ्रेम पाहिजे.”

मी त्या फोटोकडे बघत राहिले. “बसा ना,” एवढंच म्हणाले. ते बसले नाहीत.

आज मला फोटोग्राफीत दहा वर्षं होत आली. तो फोटो मी पहिल्या वर्षात काढला होता, काकाकाकू काउंटरवर आले त्याच्या दीड वर्ष आधी. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि स्टुडिओत सात महिने झाले होते. स्टुडिओचे मालक भार्गव सर. पहिले चार महिने त्यांनी मला पासपोर्ट फोटो कापायला लावले. मग लाइट उभे करायला शिकवलं. मग एक दिवस कॅमेरा हातात दिला, कारण रिश्त्याचे फोटो काढून घ्यायला येणाऱ्या मुली माझ्यासमोर जास्त मोकळ्या बसायच्या. लग्न जमवायला जो फोटो पाठवतात तो हा. ग्वाल्हेरात मराठी घरांतसुद्धा त्याला रिश्त्याचा फोटोच म्हणतात.

त्याच सुमारास मी घरी मोबाइलवर व्हिडिओ बघून रिटचिंग शिकले. रिटचिंग म्हणजे काढलेल्या फोटोतला चेहरा कॉम्प्युटरवर नीट करणं. डागावर ब्रश फिरवला की सॉफ्टवेअर शेजारची चांगली त्वचा उचलून तिथे लावतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बहिणीच्या फोटोतल्या सगळ्या पुटकुळ्या एका बैठकीत काढल्या होत्या. नवीन शिकणाऱ्याला एक गोष्ट जमायला लागली की तो ती जिथे तिथे करत सुटतो. मी तशीच होते.

अश्विनी जगताप आली ती या दिवसांत. सत्तावीस वर्षांची होती. किला गेटजवळ राहायची, एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवायची. तिच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत एक व्रण होता, बोटाच्या पेराएवढा. मी लाइट लावत होते तेव्हा तीच त्याबद्दल बोलली. वर्गातली मुलं विचारतात, मॅम, यहाँ क्या हुआ. ती दरवेळी वेगळं सांगायची. एकदा वाघ आला होता, एकदा चोराशी मारामारी झाली होती. “एकाने तर घरी जाऊन सांगितलं, हमारी मॅम फौज में थीं,” ती म्हणाली, आणि हसली. मी तो फोटो घेतला. पंधरा फोटोंमधला तोच सगळ्यांत चांगला होता.

ती आतल्या खोलीत साडी बदलायला गेली तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “बेटा, ते हनुवटीवरचं हटवता येईल का? लोकं आधी तेच बघतात.”

“येईल ना काकू. कळणारसुद्धा नाही.”

त्या संध्याकाळी मी दोन तास बसले. व्रण पंधरा मिनिटांत गेला. मग मला थांबवेना. डोळ्यांखालचं काळं काढलं. पुढे आलेला एक दात मागे सरकवला. जबडा थोडा आत घेतला. रंग दोन पायऱ्या उजळ केला. हे काही मला कोणी सांगितलं नव्हतं. भार्गव सरांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, “वाह, हाथ बैठ गया तेरा.” ते फार कमी वेळा असं म्हणायचे. घरी जाताना मी स्वतःवर खूश होते.

फोटो घ्यायला अश्विनी एकटीच आली. तिने प्रिंट हातात धरून बराच वेळ बघितला. “छान आहे,” ती म्हणाली. “कोण आहे ही?”

मी हसले. मला ती तारीफ वाटली.

आता अडचण काय होती ते सांगते. कॅमेऱ्यात फोटो दोन प्रकारे साठवता येतो. एक रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने जसं बघितलं तसं सगळं. ही फाइल फार मोठी होते. दुसरा जेपेग, म्हणजे तोच फोटो दाबून लहान केलेला. स्टुडिओतला कॉम्प्युटर जुना होता, म्हणून आम्ही जेपेगच ठेवायचो. काम झाल्यावर फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करायची असते, म्हणजे मूळची तशीच राहते. त्याला ‘सेव्ह अॅज’ म्हणतात. मी नुसतं ‘सेव्ह’ केलं होतं. रिटच केलेला चेहरा मूळ चेहऱ्यावर चढला. आणि आठवड्याने डिस्क भरली तेव्हा बाकीचे चौदा फोटो मीच डिलीट केले होते.

काउंटरवर उभं राहून हे मला सगळं आठवत होतं. तोंडातून मात्र निघालं, “बघते काका. दोन दिवस द्या.”

“मोबाइलमध्ये नाहीत का तिचे फोटो?” मी विचारलं.

“तिच्या फोनचा लॉक आम्हाला माहीत नाही,” काका म्हणाले. “तीन ठिकाणी दाखवला. सगळे म्हणतात, उघडला तर आतलं सगळं जाईल. माझ्या फोनमध्ये ग्रुपचे आहेत, लांबून काढलेले. इतकासा चेहरा.” त्यांनी चिमूट करून दाखवलं. “इकडे दीड वर्षात तिने कोणाला फोटो काढू दिला नाही.”

का, ते मी विचारलं नाही.

ते गेल्यावर मी सरांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ओरिजिनल कहाँ है?”

“नाही सर.”

“मतलब?”

“त्याच्यावरच सेव्ह झालं.”

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, “पडाव पे एक लड़की बैठती है, डाटा निकालती है. डिस्क लेके जा. अभी जा.”

डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही. फक्त तिची जागा रिकामी समजली जाते, आणि नवीन फाइल येऊन तिथे बसेपर्यंत ती तशीच पडलेली असते. पडाव भागातल्या त्या मुलीने मला एवढं समजावलं आणि विचारलं, “इसके बाद कितना काम किया इस डिस्क पे?” दीड वर्षात आम्ही कितीतरी लग्नांचे फोटो काढले होते. तिने तोंड वाकडं केलं, पण डिस्क ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मिळालं होतं त्यात बहुतेक दुसऱ्यांचे फोटो होते. अश्विनीचा एक होता, अर्धा. जेपेग वरून खाली लिहिला जातो. वरचा भाग शाबूत असेल आणि खालच्या भागावर दुसरं काही येऊन बसलं असेल तर तेवढाच उघडतो. स्क्रीनवर अश्विनीचे केस होते, कपाळ होतं, डोळे होते, डोळ्यांखालचं काळंही होतं. नाकाच्या शेंड्यापर्यंत ती होती. त्याखाली सपाट राखाडी रंग होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी जगतापकाका आणि काकू आले. मी त्यांना आत कॉम्प्युटरपाशी नेलं आणि खरं काय ते सांगितलं. मूळ फोटो नाही, आणि तो माझ्या हातून गेला. मग अर्धी फाइल दाखवली. काका वाकून बघत राहिले. काकूंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

“डोळे तिचेच आहेत,” काका म्हणाले. “खालचं?”

“खालचं येत नाही काका. पण मी जोडून देऊ शकते. वरचं हे, खालचं त्या दुसऱ्या फोटोतलं. जबडा आधी होता तसा करीन. व्रण परत घालीन. तुम्ही बसा आणि सांगा.”

आज मी असं कधीच म्हणणार नाही. तेव्हा मला ती भरपाई वाटली. आम्ही तीन स्टुलांवर बसलो. मी जबडा मोठा केला. दात पुढे घेतला. तिथवर दोघंही मान हलवत होते. मग मी विचारलं, “व्रण कुठून कुठे?”

काकांनी स्वतःच्या हनुवटीवर डावीकडे बोट ठेवलं. “इथून. खाली असा.”

काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. ते चेहऱ्याच्या दुसऱ्या, उजव्या बाजूला होतं.

“अहो, इकडे होता.”

“डावीकडे होता. मला माहीत आहे. माझ्या सायकलवरून पडली होती. किला गेटच्या उतारावर. दांडीवर बसवली होती मी तिला. मीच उचलून नेलं टाके घालायला.”

“मी रोज तिची वेणी घालत होते,” काकू म्हणाल्या. “इकडे होता.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी तो व्रण दुप्पट मोठा करून बघितला होता. त्याच्यावर पंधरा मिनिटं ब्रश फिरवला होता. आणि मला बाजू आठवत नव्हती. फोटो जवळ घेतला, कड शोधली, एखादा राहून गेलेला ठिपका शोधला. काही नव्हतं. काम मी फार साफ केलं होतं.

काका स्टुलावर मागे सरले. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे हटवायला?”

माझ्या आधी काकूच बोलल्या. “मी सांगितलं होतं.”

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“ती आत साडी बदलत होती तेव्हा सांगितलं. मला वाटलं, एकदा लोकं घरी येऊन बोलतील तर तिच्याशी. मग ते भोपाळचे तिला बघायला आले. त्यांनी फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. चहा पिऊन गेले. ती काही बोलली नाही. तेव्हापासून फोटो बंद केले तिने.”

“काकू, तुम्ही फक्त हनुवटीचं सांगितलं होतं,” मी म्हणाले. “बाकीचं सगळं मी माझ्या मनाने केलं. दात, रंग, सगळं.”

हे बोलायला मला फार जड गेलं. पण तेवढं तरी त्यांच्या एकट्यांवर राहू नये असं वाटलं.

काकांनी स्क्रीनकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, “तिला कोणी विचारलं होतं?”



बाहेर काउंटरवर भार्गव सर कोणाला तरी पासपोर्टची साइज समजावत होते. ते ऐकू येत होतं. काकांनी शेवटी मांडीवरची प्लास्टिकची फाइल उघडली. दवाखान्याचे कागद होते, बँकेचे होते. ते उलटून उलटून एक कार्ड काढलं. तिचं आधार कार्ड.

“यातून काही होईल का?”

आधारवरच्या फोटोची सगळेच चेष्टा करतात. कॅमेरा खालून धरलेला असतो, उजेड डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा असतो, आणि माणूस रांगेत उभा राहून वैतागलेला असतो. अश्विनी तशीच दिसत होती. पण वरून पडलेल्या उजेडात हनुवटीवर एक बारीक पांढरी रेघ होती. तिच्या डावीकडे.

काकूंनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. “हो,” त्या म्हणाल्या. “हे म्हणतात तिकडेच होता. मी तिच्या मागे बसायचे ना. आरशात बघायचे, तिथे उलटं दिसतं.”

मी कार्ड टेबलावर आडवं ठेवलं, दोन्ही बाजूंनी सारखा लाइट लावला म्हणजे वरची चमक येऊ नये, आणि जवळून फोटो घेणारी लेन्स लावून त्याची कॉपी केली. मूळ फोटो नखाएवढा. मोठा केला की फुटायला लागायचा, म्हणजे चेहऱ्याचे चौकोनी ठिपके दिसायला लागायचे. पोस्टकार्डापेक्षा मोठा होईना. गुळगुळीत करायचं एक बटन असतं. माझा हात त्याच्यावर गेला होता. मी तो मागे घेतला.

प्रिंट निघाला. दाणेदार, पिवळट, डोळे अर्धवट मिटलेले. फोटोग्राफर म्हणून मी असा फोटो गिऱ्हाइकाला कधी दिला नसता. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला. “ही आहे,” ते म्हणाले.

पायऱ्या उतरताना काकू थांबल्या आणि परत आल्या. “तो हिरव्या साडीतलापण द्या,” हळूच म्हणाल्या. “ती साडी तिने पहिल्या पगारातून घेतली होती.” मी लिफाफा दिला. त्यांनी तो पर्समध्ये तळाशी सरकवला.

पुढे कधीतरी शांत डोक्याने मी त्या शूटचा विचार केला. लाइट थोडा समोरून आणि खालून घेतला असता तर व्रण सौम्य दिसला असता, तरी राहिला असता. काकूंनाही चाललं असतं. अश्विनीलाही. तेवढं लाइटिंग मला तेव्हा येत होतं. पण मी उजेडाचा विचारच केला नाही, कारण पुसायला मी नुकतीच शिकले होते.

आता माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. रॉ फाइल्स दोन वेगळ्या डिस्कवर जातात. चेहऱ्यातलं काही काढायचं असेल तर ज्याचा चेहरा आहे त्यालाच, एकटं असताना विचारते. आई, सासू, नवरा, कोणीही सांगितलं तरी. बहुतेक जण म्हणतात, काढा. मी काढते. आणि मूळ फाइल तशीच ठेवते.