वरची जाड पिन

"आक्का, ही काय मस्करी हाय का?" बापूराव म्हणाले.

मस्करी नव्हती. निरवांगीतल्या त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून मी त्यांच्या अँप्लिफायरची मेन वायर कटरने तोडली होती. आधी प्लग बोर्डातून उपसला, हातात धरला आणि मग तोडली. बारा वाजता त्यांचे नवे व्याही पहिल्यांदा जेवायला येणार होते. घड्याळात दहा वाजायला आले होते.

खरं तर मला बोलावलं होतं फक्त स्पीकर जोडायला. बापूरावांनी पुण्याहून उंच स्पीकरची जोडी आणली होती आणि व्याह्यांना ती ऐकवायची होती. हे काम मी इंदापूरच्या माझ्या दुकानात चाळीस वर्षांहून जास्त करत आले आहे. त्यात अवघड काही नाही, पण घाई चालत नाही. आधी सगळं बंद करायचं. वायरचे केस नीट पिळायचे, कारण एक केस जरी शेजारच्या टोकाला टेकला तरी अँप्लिफायर जळतो. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरला उलटं लावलं तर दोघं एकमेकांचा आवाज खातात आणि ढोलकीतला दम जातो. बापूरावांनी स्वतःच लावून बघितलं होतं, अर्थातच उलटं. मी ते सरळ केलं.

तेवढ्यात बोर्डाकडे लक्ष गेलं. प्लग लावलेल्या सॉकेटच्या वरच्या भोकात उदबत्तीची काडी खोचलेली होती.

हे दृश्य मी ओळखते. हल्लीच्या सॉकेटमध्ये झडप असते. वरची जाड पिन आत गेली की खालच्या दोन भोकांची झडप उघडते. पिन नसली की लोक काडी घालून झडप उघडतात. म्हणजे काडी दिसली की समजायचं, पिन कापलेली आहे.

मी स्विच चालू केला आणि टेस्टर काढून अँप्लिफायरच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

त्याच वेळी बापूरावांच्या मंडळी, सुनंदाबाई, ओला फडका घेऊन पुसायला आल्या. पायात काही नाही. मी त्यांना लांब उभं केलं आणि विचारलं, की याला हात लावल्यावर कधी काही होतं का. त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, रोज पुसताना हाताला मुंग्या येतात. त्यांनी घरात सांगितलं होतं. मग बापूरावांनी त्यांना बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. मानेची नस दबली असेल असं ठरलं. तीन महिने बाई गोळ्या खात होत्या.

मी उठले, स्विच बंद केला, प्लग उपसला आणि वायर तोडली.

थ्री पिन प्लगच्या खालच्या दोन पिनांतून वीज येते-जाते. वरची जाड पिन काहीच करताना दिसत नाही. ती अर्थिंगची. ती वस्तूचा पत्रा जमिनीशी बांधून ठेवते. आत एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली, तर वीज त्या वाटेने जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि घरच्यांना कळतं. पिन नसेल तर वीज पत्र्यावर वाट बघत बसते. ओल्या हाताचं, अनवाणी कुणी येईपर्यंत.

एवढं मी बापूरावांना ऐकवलं आणि वर विचारलं, की ही अक्कल कुठल्या वायरमनने शिकवली, त्याचं नाव सांगा, मी त्याच्या दारात जाऊन येते.

बापूराव शांतपणे खुर्चीत बसले.

"लांब जायला नगं. तुमीच शिकवलीत."

मी कटर फरशीवर ठेवला.

"आमच्या वडलांच्या, आबांच्या टेपला घूं आवाज यायचा. तुमी दुकानात हॅक्सॉनं पिन कापलीत. म्हणालात, आता बघा जादू. मी शेजारीच हुबा हुतो, बारा वर्षांचा. तवापासनं घरात काय बी घूं केलं की आमी पिन कापतो. गावात बी समदी तेच करत्यात. आक्कांची युक्ती म्हणत्यात तिला."

खोटं नव्हतं ते. तेव्हा मी पंचविशीची होते. बारामतीला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता, वर्गात एकटीच मुलगी, त्यामुळे डोकं चांगलंच फुगलेलं. सोल्डरिंग आयर्न अंबाड्यात खोचायचं तेवढं बाकी होतं. गिऱ्हाईक घूं घेऊन यायचं, मी पिन उडवायचे, घूं जायची आणि लोक तोंडात बोट घालायचे. आवाज का गेला हे त्या शहाणीला माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर ती भुवया वर करून "टेक्निकल आहे" म्हणायची. आज समोर आली तर तोच हॅक्सॉ तिच्या हातून काढून घेईन.

"मग ती बाई मूर्ख होती," मी म्हणाले. "आणि आज तुमच्या दारात आलेली तिच्याहून म्हातारी हाय. ऐकायचं तर हिचं ऐका."

"पण व्याही बारा वाजता येणार."

"मग बादल्या भरा."

बादल्या कशाला, तर बोर्डातलं अर्थिंग तपासायला मी फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला होता, तो पेटला काजव्यासारखा. घरामागचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडला होता. कोरडी माती वीज नीट घेत नाही. बापूराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात पाणी ओतत होते आणि सुनंदाबाई दारातून मोजत होत्या. पाचव्या बादलीला बल्ब लख्ख पेटला. हा तात्पुरता इलाज होता. नवा खड्डा करायला वायरमनला फोन मी माझ्यासमोर लावून घेतला.

तोवर अँप्लिफायर थंड झाला होता. कव्हर लगेच उघडायचं नसतं, आतले मोठे कपॅसिटर वायर तोडल्यावरही वीज धरून ठेवतात. उघडल्यावर कारण समोरच होतं. वायर जिथून आत शिरते त्या भोकाची रबराची रिंग गळून पडली होती. पत्र्याची धार वायरचं आवरण रोज थोडं थोडं कापत होती. तांब्यावर पापुद्रा उरला होता, कांद्याच्या सालीएवढा. मी तो सुनंदाबाईंना दाखवला. बापूरावांनीही मान पुढे काढून बघितलं.

नवी रिंग, नवी वायर, तीन पिनांचा नवा प्लग. आवाजाचं बटण शून्यावर ठेवून चालू केलं, हळूच वाढवलं.

घूं.

"आली का?" बापूरावांना बोलायला जागा मिळाली. "कापा आता."

मी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्समधून येणारी आवाजाची वायर अँप्लिफायरमधून ओढली. घूं बंद. परत लावली. घूं चालू. गच्चीवरच्या डिशचा लोखंडी खांब जमिनीत गाडलेला, त्यामुळे डिशच्या वायरलाही अर्थ मिळत होता. अँप्लिफायरला एक अर्थ, डिशला दुसरा, आणि दोघांच्या मध्ये फिरणारी वीज स्पीकरमध्ये घुमत होती. पिन कापली की घूं जाते, कारण दोन वाटांपैकी एक तुटते. नेमकी जीव वाचवणारी तुटते. ही गोष्ट त्या अंबाडेवालीला कळायला पुढे दहा वर्षं आणि स्वतःच्या हाताला एक सणसणीत झटका लागला. मी पिशवीतून आयसोलेटर काढला. काड्यापेटीएवढी डबी, आवाज जाऊ देते आणि ही फिरणारी वीज अडवते. ती आवाजाच्या वायरीत बसवली. हॉलमध्ये शांतता झाली.

टेस्टर पत्र्याला लावला. दिवा लागला नाही. मी आधी स्वतःचा हात ठेवला, मग सुनंदाबाईंना बोलावलं. त्यांनी पदराला हात कोरडा केला आणि तळवा पत्र्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. आत गेल्या, गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या आणि ती नवऱ्यापुढे ठेवली. "ह्या आता तुमी घ्या. तुमच्या कानाची नस दबलीया."

व्याही आले तेव्हा बापूराव ओल्या धोतराने स्पीकर वाजवून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाबाहेर पाटी लावली. पूर्वी माझ्याकडून वरची पिन कापून घेतलेल्यांनी यावं, पिन फुकट बसवून मिळेल, चूक माझी होती. मुलगा म्हणाला, आई, दुकानाचं नाव जाईल. म्हटलं, जाऊ दे, ते नाव मीच कमावलंय. पाटी हलणार नाही.

अजून लोक येतात. टेप आणतात, इस्त्री आणतात, एकाने तर पाण्याचा कूलर उचलून आणला. यातल्या निम्म्या पिना मी कापलेल्या नाहीत. तरी मी काही बोलत नाही, बसवून देते. यंत्र कुरकुर करत असेल तर ते का कुरकुरतंय हे आधी शोधावं. आणि बायको सांगत असेल की हाताला मुंग्या येतात, तर डॉक्टरच्या आधी टेस्टर काढावा.