मामेसासऱ्यांचे गृहनिर्धारित योगदान

आपल्या देशाने हवामानाविषयी जगाला दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी सर्व नागरिकांमध्ये विभागलेली आहे, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. ती जबाबदारी संपूर्णपणे माझ्या मामेसासऱ्यांवर आहे आणि चिंचणीजवळच्या आपल्या चिकूच्या वाडीत बसून ते ती एकट्याने पार पाडत आहेत. प्रत्येक देश आपण धूर किती कमी करणार हे स्वतः ठरवून जगाला कळवतो. त्याला राष्ट्रनिर्धारित योगदान म्हणतात. मामांनी हे वर्तमानपत्रात वाचले, आणि त्याच संध्याकाळी आपल्या घराचेही असे योगदान असेल, असे जाहीर करून त्याला गृहनिर्धारित योगदान हे नाव दिले. त्यात पहिली गेली ती इस्त्री. तेव्हापासून धुतलेले कपडे घडी घालून गादीखाली ठेवले जातात, आणि मामांना रात्री झोप कशी लागली हे सकाळी त्यांच्या सदऱ्यावर वाचता येते. त्यानंतर गेला मिक्सर. मामींनी वाद घातला नाही. त्या खोबरे आणि मिरच्या घेऊन शेजारी जात आणि तिथल्या मिक्सरवर चटणी वाटून आणत. घरातली वीज कमी जळू लागल्याचे मामा जेवताना समाधानाने सांगत, आणि सांगता सांगता चटणी पुन्हा वाढून घेत. मोठे देश आपले कारखाने दुसऱ्याच्या अंगणात हलवून स्वतःची हवा स्वच्छ झाल्याचे कसे सांगतात, हे मला त्या चटणीमुळे नीट समजले.

घराबाहेरही त्यांचे कार्य चालूच असे. बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षा गर्दीत अडकली की मामा मागून हात लांब करून चालकाच्या खांद्यावर टिचकी मारत आणि इंजिन बंद करायला सांगत. एकदा मी सोबत होतो. मामांनी त्याला शुद्ध हिंदीत पृथ्वीच्या तापमानवाढीची कारणे क्रमवार समजावून दिली. त्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, “चाचा, बंद तो कर दूँगा. फिर चालू नहीं हुई तो धक्का आप मारोगे?” मामा हो म्हणाले. रिक्षा चालू झाली नाही. बोईसरच्या भर बाजारातून मी आणि माझे मामेसासरे रिक्षा ढकलत निघालो, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मामा हेही योगदानातच धरले जाते, असे सांगत होते.

या सर्व उत्साहामागे एक साधी भीती होती, आणि ती सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. मामांची वाडी खाडीला लागून आहे. अलीकडे उधाणाच्या भरतीचे पाणी काठ ओलांडून आत येऊ लागले होते. खाडीकडची चिकूची शेवटची रांग पिवळी पडली होती, आणि विहिरीच्या पाण्याचा चहा मामी तोंड वाकडे करून पीत. काठावर खाऱ्या चिखलात वाढणारी तिवरांची झाडे दाट लावली तर पाण्याचा जोर मोडतो, हे मामांना ठाऊक होते. त्यांनी पत्रे लिहून लिहून युरोपातील एका संस्थेला जागे केले. दोन पाहुणे आले, शहाळी प्यायले, गुडघाभर चिखलात उतरले आणि रोपांपासून देखभालीपर्यंत सर्व करायला तयार झाले. अट एकच होती, काठ वापरणाऱ्या सर्वांची संमती हवी. मामा हसले. ज्यांनी युरोपला पटवले, त्यांना शेजारच्या कोळीवाड्याला पटवणे म्हणजे हातचा मळ वाटला.

रोपे जिथे लागणार होती, त्याच काठावर कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असत. मामांनी बोलावलेल्या बैठकीत सर्वांत पुढे बसली होती ती एका तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची बायको. माहेर मुरबे गावचे, सारे तिला तांडेलीणच म्हणत. मामांनी जगातील न्यायाचे तत्त्व समजावून सांगितले: संकट सर्वांचे आहे, पण ज्याने आजवर जास्त धूर सोडला त्याने जास्त सोसायचे आणि गरीब देशाला सवलत द्यायची. तांडेलिणीने हे दोनदा सांगायला लावले. मग पदर खोचून उभी राहिली.

“म्हंजे मामा, बरोबर आयकलं मी. तुमच्या घरी मोटार हाय, पंप हाय. माझा सासरा जन्मभर वल्ह्यावर गेला, आमचं इंजिन आत्ता आलं. मग तुमी श्रीमंत देश आनि मी गरीब देश. नाय का?”

मामा म्हणाले, तत्त्वतः तसे म्हणता येईल.

“तत्त्व तुमचंच हाय. काठावर झाडं लावा, आमी पन लावू. पन होड्या वर घ्याला जागा पायजे. ती श्रीमंत देशानं सोडायची.”

बैठक खदखदून हसली. मामा हसले नाहीत. होड्या वर घ्यायला जागा एकच होती, ती त्यांच्या वाडीत, शेवटच्या रांगेखाली. आजारी का होईना, ती झाडे अजून उभी होती. शेजाऱ्याने फांदी तोडली तरी त्याला आठवडाभर उपदेश करणारा हा माणूस तीन दिवस त्या रांगेतून फेऱ्या घालत राहिला. मामींनी एकदाच विचारले, “देशाचं राहू द्या हो, तुमचं काय ठरलं?” चौथ्या दिवशी मामांनी स्वतः कुऱ्हाडवाल्याला बोलावले आणि झाडे पडेपर्यंत घराच्या पुढच्या ओटीवर खाडीकडे पाठ करून बसून राहिले.

तिवरे आता कमरेएवढी झाली आहेत. काठाजवळ त्यांच्यामधून होडीपुरती वाट ठेवलेली आहे. गेल्या उधाणाला मी तिथे मामांसोबत उभा होतो. पाणी रोपांत शिरले, थबकले आणि वाडीकडे फार थोडे आले. देशाने निव्वळ शून्यासाठी, म्हणजे जितका धूर सोडू तितका शोषूनही घेऊ यासाठी, दोन हजार सत्तर हे साल ठरवलेले आहे. मामांचे वय लक्षात घेता ते गणित मी त्यांच्यासमोर मांडत नाही. तेच म्हणाले, “जावईबापू, इथलं पहिलं कलम माझ्या वडिलांनी लावलं, तेव्हा ते माझ्या आत्ताच्या वयाचे होते. त्याचा चिकू त्यांनी काही खाल्ला नाही. मी मात्र पुष्कळ खाल्ले.”

आणखी काही बोलणार होते, पण तिवरांमधून तांडेलिणीची होडी आत आली, तिने ओरडून दोर फेकला आणि मामा तो धरायला पाण्यात उतरले.